अंड्याच्या नावाचा केक

घाईचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त ओळखपत्रावर. घाई हे नाव ठेवलं आत्यानं, आणि पुढे जन्मभर नावंही आत्याच ठेवत राहिली. चहात साखर विरघळायच्या आत कप रिकामा करणारी, जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या गाळणारी, आणि समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी स्वतःच संपवून मोकळी होणारी ही पोरगी. तिला घाई नाही म्हणायचं तर काय शांता म्हणायचं? प्रयोगशाळेत लागली त्याच आठवड्यात आत्याचा फोन चुकून स्पीकरवर वाजला, "घाई, डबा विसरलीस गं, कार्टे!" झालं. त्या दिवसापासून सगळी प्रयोगशाळा तिला घाई म्हणू लागली. मॅडमसुद्धा.

तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा सावकाश. त्याचंही हे टोपणनावच, आणि ते घाईनं ठेवलेलं. एका ट्यूबवर तीन ठिकाणी चिठ्ठी डकवणारा, पिपेट हातात धरून आधी दोन मिनिटं विचार करणारा माणूस. दोघांची टेबलं शेजारी लावणाऱ्याला काय गंमत सुचली होती देव जाणे. तो तिला म्हणायचा, "पी हळद आणि हो गोरी!" आणि ती त्याला म्हणायची, "तू हळद पेरून ये, तोवर मी गोरी होऊन परत येते."

आता काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची सगळी मजा वाया जायची. घाईनं एका जातीच्या जिवाणूंना एक प्रथिन बनवायला शिकवलं होतं. छोटंसं प्रथिन, पण गुणाचं. पाण्यात विरघळलेलं शिसं पकडून ठेवायचं. ते हाती आलं तर पुढे पाणी तपासायला, गाळायला, कशाकशाला उपयोगी पडलं असतं. जिवाणू बिचारे सांगितल्यासारखं वागत होते आणि प्रथिन बनवत होते. पण बनवून ठेवत होते स्वतःच्या पोटात. ते बाहेर काढायचं तर पेशी फोडायला हवी, आणि गाडं अडलं होतं तिथेच.

पेशी फोडायचं एक मशीन होतं. सुईसारखी दांडी ट्यूबमध्ये बुडवायची आणि आवाजाच्या धक्क्यांनी आतल्या पेशींच्या चिंधड्या उडवायच्या. पण त्याचा आवाज असा कर्कश की दातांत कळ जायची, आणि ट्यूब अशी तापायची की घाईचं नाजूक प्रथिन दुधासारखं नासून जायचं. दोन वेळा तसं झालं. तिसऱ्या वेळी मशीननंच मान टाकली आणि ते दुरुस्तीला गेलं. तिकडून "आज बघतो, उद्या बघतो" एवढंच ऐकू येत होतं.

आणि इकडे समिती येणार होती. कोणतं काम पुढे चालू ठेवायचं आणि कोणतं गुंडाळायचं ते ठरवणारी. घाईच्या कामात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. तसंच राहिलं तर काम बंद, फ्रीझरमधला तिचा खण दुसऱ्याला, आणि घाईची रवानगी तळमजल्यावर, जिथे दिवसभर नुसत्या बाटल्यांवर शिक्के मारायचे असतात. तीन वर्षं तिनं या प्रथिनापायी घालवली होती. तळमजल्याच्या विचारानंच तिला रडू यायचं. ती रडायचीसुद्धा घाईघाईनं, हात धुण्याच्या बेसिनपाशी, नळ सोडून.

"अंड्याचं वापर," मॅडम एकदा कॉरिडॉरमधून जाताजाता म्हणाल्या.

कोंबडीला अक्कल नसते म्हणतात, पण कोंबडीची सोय बघा. अंड्यातला बलक म्हणजे जिवाणूंना मेजवानीच. तिथवर कोणी पोचू नये म्हणून भोवतीच्या पांढऱ्यात तिनं पहारेकरी ठेवलेला असतो. लायसोझाइम त्याचं नाव. जिवाणूच्या अंगाभोवती जाळीसारखी भिंत असते, तिचे टाके हा पठ्ठ्या कातरतो. भिंत उसवली की जिवाणू फुटतो. ना आवाज, ना उष्णता. बाटलीत पांढरी पूड मिळते, चिमूटभर पुरते. फक्त घाईच्या जिवाणूंना त्या भिंतीवर आणखी एक बाहेरचं आवरण होतं. ते आधी दुसऱ्या एका द्रावणानं सैल करावं लागतं, नाहीतर पहारेकरी दारातच उभा राहतो.

हे सगळं मॅडमनी कॉरिडॉरमध्ये सांगितलं, एक हात लिफ्टच्या बटणावर ठेवून. "आधी ते द्रावण, मग अंड्याची पूड. ट्यूब बर्फावर ठेव. मग..."

"मग फिरवायची! कळलं, मॅडम!" घाई म्हणाली आणि पळालीसुद्धा. लिफ्टचं दार लागलं. मॅडमचं उरलेलं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं.

घाईनं त्याच दिवशी काम उरकलं. फ्रीझरमधून जिवाणूंचा गोठवलेला एक गोळा काढला, द्रावण घातलं, पूड घातली, ट्यूब बर्फात खुपसली आणि सावकाश आपल्या ट्यूबवर दुसरी चिठ्ठी डकवतोय तोवर बाहेर काढून सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवली. गाळ खाली बसला. वरचं पाणी तिनं जेलवर चढवलं. जेल म्हणजे जेलीसारखा एक पातळ चौकोन. त्यात वीज सोडली की प्रथिनं एका उभ्या रांगेत आपापल्या आकाराप्रमाणे खाली धावतात, लहान पुढे, मोठी मागे, आणि रंग दिला की जिथे थांबली तिथे निळी पट्टी दिसते. जेल पूर्ण धावायला वेळ लागतो. घाईनं अर्ध्यातच वीज बंद केली, कारण तिला राहवेना.

आणि पट्टी होती! अगदी खालच्या बाजूला, छोट्या प्रथिनाची असावी तिथेच. जाड, निळीगर्द. आणि संपूर्ण रांगेत ती एकटीच. वर काही नाही, खाली काही नाही. घाईनं असा चीत्कार केला की पलीकडच्या खोलीतून दोघं धावत आले, कोणाला भाजलं की काय म्हणून.

तिनं फोटो काढला, मॅडमना पाठवला. मॅडम कुठल्याशा बैठकीत होत्या. त्यांनी टेबलाखाली फोन धरून पाहिला असावा, कारण उत्तर आलं ते नुसतं "वा! समितीला हेच दाखवू." घाई खाली धावली, कोपऱ्यावरच्या दुकानातून केक घेऊन आली. क्रीमवर काय लिहू, असं दुकानदारानं विचारलं तेव्हा म्हणाली, "सापडलं!" त्यानं ते तसंच लिहून दिलं, उद्गारचिन्हासकट.

केक कापला, टाळ्या वाजल्या. सावकाशनं आपला तुकडा खाल्ला, मग जेलजवळ जाऊन बराच वेळ वाकून पाहिलं. "रांग फारच स्वच्छ आहे, नाही?" तो म्हणाला.

"तुझ्या पोटात दुखतंय," घाई म्हणाली. "घे, आणखी केक घे. बरं वाटेल."

त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण त्याचं बोलणं निघेपर्यंत घाई दिव्याची बटणं बंद करून बाहेर पडली होती.

घर म्हणजे आत्याच्या शिवणकामाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. घाई सहा-सात वर्षांची असल्यापासून ती आत्याकडेच होती, आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं, भांडायलासुद्धा. ती उरलेला केक हातात घेऊन दुकानात शिरली तेव्हा आत्या जमिनीवर बसली होती. समोर एक काळा कोट उताणा पडला होता, आणि आत्या त्याचं अस्तर उसवत होती.

"आत्या, मिळालं! माझं प्रथिन मिळालं!"

"बरं झालं. वाकू नकोस, उजेड अडतोय."

"अगं, ऐक तरी! अंड्यानं पेशी फोडल्या, जाळीचे टाके कातरले, आणि..."

"घाई, एक टाचणी कमी आहे," आत्या म्हणाली.

आत्याचा हा नेम साऱ्या गल्लीला ठाऊक होता. कपडा हातात घेताना टाचण्या मोजून डबीतून काढायच्या, काम झालं की मोजून डबीत टाकायच्या. हिशेब जुळल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाच्या हाती जाणार नाही. आज हा कोट न्यायला एक तरुण आला होता, उद्या सकाळी त्याची मुलाखत होती. आत्यानं त्याला रिकाम्या हातानं परत पाठवला होता. सकाळी दुकान उघडायच्या आत ये म्हणाली.

"एका टाचणीसाठी?" घाई म्हणाली. "अगं, कुठेतरी पडली असेल. दे ना कोट! इतका सुंदर दिसतोय."

"दिसतोय सुंदर. दिसणारच. मी शिवलाय." आत्यानं डोळे वर केले नाहीत. "पण मी आत जे जे घातलं ते बाहेर आलं का, हे आधी बघायचं. मग बाकीचा कोट. नाहीतर टोचलं की कळणार, ही आत्याबाईंची कलाकुसर. उचल ती बाही."

घाईनं बाही उचलली. केकचा घास तोंडात होता. तिनं तो चावायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

मी आत काय घातलं?

अंडं घातलं. चिमूटभर पूड. ती पूड म्हणजे काही मीठ नव्हे, तेही एक प्रथिनच. छोटंसं. ते गेलं कुठे? वरच्या पाण्यात. पाणी गेलं कुठे? जेलवर. आणि जेलवर पट्टी किती? एक. एकच. पेशी फुटल्या असत्या तर त्यांच्या पोटातली हजार प्रथिनं बाहेर पडली असती, रांग वरपासून खालपर्यंत पट्ट्यांनी बरबटली असती. "रांग फारच स्वच्छ आहे, नाही?" पेशी फुटल्याच नव्हत्या. आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला होता, आणि बया त्याच्यासाठी केक घेऊन आली होती.

"आत्या," ती म्हणाली, "ते अंडं होतं गं!"

"केकमध्ये असतंच," आत्या म्हणाली.

घाई त्या उसवलेल्या कोटाशेजारी बसली आणि ढसाढसा रडली. इथे नळ नव्हता, त्यामुळे सगळं ऐकू गेलं. आत्यानं सुई खाली ठेवली, तिचं सगळं ऐकून घेतलं. निम्मं तिला कळलं नाही, पण कळायचं तेवढं कळलं.

"मॅडमना माहीत आहे?"

"नाही. उद्या दुपारी समिती येणार. फोटो दाखवणार. कोणाला पत्ता लागणार नाही, आत्या. एवढं बारीक कोण बघतंय? काम चालू राहील, मग मी खरं प्रथिन काढीनच की पुढच्या महिन्यात."

आत्यानं कोटाची दुसरी बाही उसवायला घेतली. घाईनं थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि दिवा जवळ सरकवला. टाचणी काही सापडली नाही.

सकाळी घाई मॅडमच्या खोलीत शिरली. बसायला सांगायच्या आधीच तिनं बोलून टाकलं, कारण थांबली असती तर बोलताच आलं नसतं. "मॅडम, कालची पट्टी आपली नाही. ती अंड्याची आहे. मी नुसत्या अंड्याची रांग शेजारी लावलीच नव्हती. पेशी फुटल्याच नाहीत. माझी चूक आहे."

मॅडमनी चष्मा काढला. बराच वेळ काढूनच ठेवला.

"म्हणजे काल आपण अंड्याच्या नावानं केक कापला," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"मीही फोटो नीट बघितला नाही. वा म्हणून मोकळी झाले." त्यांनी चष्मा परत लावला. "बर्फावर किती वेळ ठेवली होतीस?"

घाईनं खरं सांगितलं. मॅडमच्या तोंडावर असं काही आलं की ते हसू होतं का दुखणं, सांगता येईना.

"काल लिफ्टपाशी माझं वाक्य पूर्ण व्हायचं होतं. ट्यूब बर्फावर ठेव, मग वाट बघ. बाहेरचं आवरण सैल व्हायला वेळ लागतो, जाळी कातरायला वेळ लागतो. पेशी फुटल्या की आतले डीएनएचे धागे बाहेर येतात आणि ते दुधासारखं पाणी चिकट होतं, त्याला तार सुटते. तार सुटेपर्यंत फिरवायची नाही. जिवाणूंचे गोळे किती उरलेत?"

"एक."

"मग तोच. समिती दुपारी आहे. काही निघालं तर दाखवू, नाही निघालं तर नाही निघालं म्हणून सांगू. जा." घाई वळली तशा त्या म्हणाल्या, "आणि चालत जा. पळू नकोस."

शेवटचा गोळा. यातून काही निघालं नाही तर तीन वर्षांवर पाणी. घाईनं तो हळूहळू वितळू दिला. आधी द्रावण, मग चिमूटभर पूड. ट्यूब बर्फात ठेवली आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली. सावकाशनं तिला तसं बसलेलं पाहिलं आणि तो घाबरला.

"काय झालं? हात भाजले?"

"नाही रे. आवरून धरलेत." मग ती म्हणाली, "काल तू म्हणालास ना, रांग स्वच्छ आहे. तुझं बोलणं पूर्ण झालं नव्हतं. काय म्हणायचं होतं पुढे?"

सावकाशनं विचार केला. "हेच, की कंट्रोल लावला होतास का, शेजारी नुसत्या अंड्याची रांग."

"लावला नव्हता. आणि पोट तुझं नव्हतं दुखत, माझं फिरलं होतं डोकं."

तो तिच्या शेजारी स्टूल ओढून बसला. बर्फातली ट्यूब ते दोघं आळीपाळीनं हलवत राहिले. पाणी आपलं तसंच, पातळ, पांढरट. एकदा तिचा हात मांडीखालून सुटून सेंट्रिफ्यूजच्या झाकणापर्यंत गेला. सावकाशनं तिच्याकडे पाहिलं, तसा तो परत आला. आणि मग एकदा तिनं ट्यूब तिरकी केली तर आतलं पाणी पडेना. ते लोंबलं. पिपेटचं टोक बुडवून वर उचललं तर मागोमाग एक लांब, चिकट तार आली, अगदी फोडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी.

"सुटली!" घाई ओरडली. पलीकडच्या खोलीतून या वेळी कोणी आलं नाही. त्यांना सवय झाली होती.

जेलवर तिनं शेजारी शेजारी तीन रांगा लावल्या. पहिलीत नुसतं अंडं, दुसरीत कालचं पाणी, तिसरीत आजचं. आणि जेल पूर्ण धावू दिली, अगदी काठापर्यंत.

रंग चढला तेव्हा पहिल्या दोन रांगा जुळ्या बहिणी होत्या. एकेक जाड पट्टी, समोरासमोर, तंतोतंत. तिसरी रांग मात्र बघवत नव्हती. वरपासून खालपर्यंत पट्ट्याच पट्ट्या, फिकट, गडद, एकमेकींत मिसळलेल्या. इतकी घाणेरडी रांग घाईनं जन्मात पाहिली नव्हती आणि इतका आनंदही तिला जन्मात झाला नव्हता. पेशी फुटल्या होत्या. सगळ्या गर्दीच्या खाली तीच अंड्याची जाड पट्टी. आणि तिच्याही खाली, काल अर्ध्यात थांबवलेल्या जेलवर वेगळी दिसलीच नसती अशी, एक बारीक रेघ. पहिल्या रांगेत ती नव्हती, दुसऱ्या रांगेत नव्हती.

समिती आली. तिघं होते, आणि त्यांतले सगळ्यांत वयस्क गृहस्थ फार हळू बोलायचे. त्यांनी जेलचा फोटो हातात घेतला. तिसऱ्या रांगेवर बोट ठेवलं आणि ते नेमकं त्या जाड पट्टीवर थांबलं.

"म्हणजे ही जी जाड पट्टी आहे," ते म्हणाले, "ती तुमच्या..."

वाक्य संपवायला घाईची जीभ वळवळली. तिनं ती दाताखाली धरली. मॅडम तिच्याकडे बघत होत्या.

"...तुमच्या प्रथिनाची," गृहस्थांनी संथपणे पूर्ण केलं. "उत्तम! भरपूर मिळालंय की."

नुसतं हो म्हणायचं होतं. मान हलवली तरी चाललं असतं. घाईच्या डोळ्यांपुढे तळमजल्यावरचे शिक्के येऊन गेले.

"नाही सर," ती म्हणाली. "ते अंडं आहे. ते मीच आत घातलंय. आमचं त्याच्या खाली आहे. ती बारीक रेघ."

गृहस्थांनी फोटो नाकाजवळ नेला. "एवढंसंच?"

"एवढंसंच," घाई म्हणाली. "पण आमचं."

फोटो त्यांनी इतरांकडे दिला, मग परत घेतला, मग पहिली रांग पाहिली, दुसरी पाहिली. मग घाईला बाहेर थांबायला सांगितलं.

ती बाहेर थांबली. खरंच थांबली, एका जागी, भिंतीला टेकून. पुष्कळ वेळानं मॅडम दार ढकलून आल्या. "घाई," त्या म्हणाल्या, "वर्ष..."

घाई त्यांच्याकडे बघत राहिली.

"अजून एक वर्ष दिलं," मॅडम म्हणाल्या. "ते म्हणाले, जी पोरगी स्वतःच घातलेलं अंडं आमच्या गळ्यात मारत नाही, तिच्या बारीक रेघेवर विश्वास ठेवायला हरकत नाही."

घाई संध्याकाळी घरी आली तेव्हा दुकानात तो काळा कोट नव्हता. आत्या मशीनपाशी बसून स्वतःशीच हसत होती.

"टाचणी मिळाली?"

"मिळाली. माझ्याच बाहीला टोचलेली होती. काखेत कळसा न् गावाला वळसा! बिचाऱ्याचा कोट पहाटे उठून परत शिवला, तेव्हा कुठे हात वर केल्यावर दिसली." आत्यानं धागा दातानं तोडला. "ते जाऊ दे. तुझं काय झालं ते सांग. समितीनं काय..."

आणि इथे आत्या थांबली, कारण तिचं वाक्य इथेच संपायचं. रोज. घाई पुढचं घेऊन पळायची. पण आज घाई समोर स्टुलावर बसून शांतपणे तिच्याकडे बघत होती, आत्याचं बोलणं पूर्ण व्हायची वाट पाहत.

आत्या उठली. तिनं घाईच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप-बिप नाही ना गं तुला?"